फलश्रुतीवाचून स्तुती : पंडिता रमाबाईंचे जीवन

संस्कृत स्तोत्राची रचना बहुधा फलश्रुतीने संपते. स्तोत्राचे नित्य पठण करणाऱ्याला आयुष्य, आरोग्य, धन, संतती वा पापक्षय यांपैकी कोणते फळ लाभेल, हे तेथे सांगितलेले असते. पुराणांत ती आढळते आणि मराठीतील पोथ्यांनी व माहात्म्यग्रंथांनीही तिचा स्वीकार केला आहे. स्तुती आणि फळ यांचा हा संबंध एखाद्या धर्मापुरता मर्यादित नाही. संकटकाळी देवाचे स्तवन करणाऱ्या कोणत्याही श्रद्धावंतापुढे तो प्रश्नरूपाने उभा राहतो. अपेक्षित फळ न मिळाल्यास स्तुतीचे काय होते? ती थांबते, की तिचे स्वरूप पालटते?

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे जीवन या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले असता त्यातील एरवी विखुरलेल्या वाटणाऱ्या घटना एका सूत्रात येतात. स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, संस्कृतच्या विदुषी आणि धर्मांतरामुळे वादग्रस्त ठरलेल्या समाजसुधारक या नात्यांनी त्या अभ्यासकांना परिचित आहेत. ईश्वरस्तुतीचा अर्थ आपल्या आयुष्यात दोनदा नव्याने शोधणारी आणि त्या शोधापायी मराठी भाषेचा वेगळा विचार करणारी लेखिका ही त्यांची ओळख मात्र काहीशी मागे राहिली आहे.

१. पुराणिकाचे घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, अरण्यातील एका आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला होता. आतिथ्य आणि दानधर्म यांत द्रव्य संपल्यावर या कुटुंबाने आश्रम सोडला व तीर्थयात्रेचा मार्ग धरला. देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण सांगावे, श्रोत्यांनी जे अर्पण केले त्यावर गुजराण करावी, उरलेले पुन्हा दानात द्यावे, असा त्यांचा क्रम होता. आईच्या शिकवणीने रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक लहानपणीच मुखोद्गत झाले.

या जीवनक्रमात स्तुती हीच उपजीविका होती, आणि ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवी. देवाचे गुणवर्णन हे पुण्यप्रद कर्म होते आणि त्याचबरोबर घरात धान्य येण्याचा तो एकमेव मार्गही होता. पारलौकिक फळाची ग्वाही ग्रंथ देत असे आणि ऐहिक फळ श्रोत्यांच्या हातून मिळत असे. दोन्ही मिळत होती तोवर त्यांच्यातील नात्याचा विचार करण्याचा प्रसंग आला नाही.

तो प्रसंग १८७० नंतरच्या दशकातील दक्षिणेच्या दुष्काळाने आणला. श्रोत्यांपाशीच देण्यासारखे काही उरले नाही. होते ते द्रव्य देवतांच्या आराधनेत आणि ब्राह्मणांना दान देण्यात वेचून झाले होते. पठणावाचून दुसरे कोणतेही काम या कुटुंबाला शिकविलेले नव्हते आणि भीक मागण्याची वा मजुरीची लाज वाटत होती. रमाबाईंनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात (१९०७) या दिवसांचे वर्णन कमालीच्या संयमाने आले आहे. कुटुंब रानात शिरले. काही दिवस पाणी, झाडपाला आणि रानखजूर यांवर काढले. दृष्टी गमावलेल्या वृद्ध अनंतशास्त्र्यांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. तेव्हा मोलमजुरी करीन, पण हे घडू देणार नाही, असे म्हणून पुत्र श्रीनिवास पुढे आला. १८७४ मध्ये अनंतशास्त्री गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या या धाकट्या मुलीला देवाच्या हाती सोपवून त्याचीच सेवा करण्यास सांगितले. थोड्याच अवधीत आई रायचूर येथे मरण पावली. तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळेनात. उंचीने ठेंगण्या असलेल्या रमाबाईंनी आपल्या वाट्याची बाजू डोक्यावर घेऊन दूरच्या स्मशानापर्यंत नेली. पाठोपाठ थोरली बहीणही गेली.

दुष्काळ, घरातील माणसांचे मृत्यू आणि देवाशी असलेले नाते यांची गाठ मराठी वाचकाला तुकारामांच्या चरित्रातून परिचित आहे. सतराव्या शतकातील मोठ्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून मेली आणि त्यानंतर त्यांच्या वाणीला वेगळे वळण लागले. तथापि दोघांच्या अनुभवांत एक भेद आहे. तुकारामांचे भांडण ज्या विठ्ठलाशी झाले तो विठ्ठल भांडणानंतरही समोर राहिला. रमाबाईंच्या बाबतीत ज्याच्याशी भांडावे तो पक्षच नाहीसा झाला. सर्व विधी यथासांग करूनही उत्तर न मिळाल्याने त्यांची श्रद्धा ढळली, आणि ज्या श्लोकांनी त्यांचे बाल्य भरलेले होते ते श्लोक विद्वत्तेचे साधन म्हणून तेवढे उरले.

२. विद्वत्ता आणि मौन

भाऊबहिणींनी त्यानंतर हजारो मैलांची पायपीट केली. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्यावर तेथील पंडितांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी ब्राह्मसमाजी विचारांचे बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातिभेद ओलांडणारा हा विवाह होता. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने मेधावींचा अंत झाला. पतीच्या ग्रंथसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती आली ती याच काळात.

१८८२ मध्ये पुण्यास आल्यावर त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहिले. स्त्रीच्या उन्नतीचा विचार त्यात तळमळीने आला आहे. त्याची भाषा अद्याप पंडिताची, संस्कृतप्रचुर आहे. सभांतून वाहवा मिळविणाऱ्या या विदुषीच्या व्यक्तिगत धर्मजीवनात मात्र या वर्षांत पोकळी होती, असे त्यांच्या पुढील लेखनावरून दिसते.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या मुलीसह इंग्लंडला गेल्या. श्रवणशक्ती मंद असल्याने तो हेतू सिद्धीस गेला नाही. हा दोष पुढे वाढत गेला. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. या आघातानंतर थोड्याच काळाने, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्या लेखनाचा प्रभाव जसा होता, तसाच लंडनमधील एका आश्रयगृहाचाही होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आदराने वागविलेले त्यांनी पाहिले. हे का घडते, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली.

बाप्तिस्मा म्हणजे स्तुतीचा पुनर्लाभ, असे समीकरण येथे मांडता येत नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, बिशपांचे आदेश यांबाबत रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी दीर्घ पत्रवाद केला. तो पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला असून, बुद्धीला न पटलेले काहीही उच्चारण्यास त्या तयार नव्हत्या हे त्यातून स्पष्ट होते. ज्या स्त्रीने एकदा अर्थाचा विचार न करता हजारो श्लोक म्हटले होते, ती आता एकेका शब्दाचा अर्थ विचारीत होती. त्यांच्याच निवेदनानुसार धर्म त्यांना लाभला होता, परंतु ज्याच्यामुळे तो धर्म आहे त्या ख्रिस्ताची ओळख सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास पटली.

३. शारदा सदनाची कसोटी

१८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहून रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला (१८८७) व विधवांच्या शिक्षणासाठी निधी उभारला. अमेरिकेवरील त्यांचे मराठी प्रवासवर्णन १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. धर्मविषयक तटस्थता हे त्याचे धोरण होते. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळावर होते.

वाद निर्माण झाला तो प्रार्थनेवरून. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे बसत. दार लावून घेण्यास त्यांनी नकार दिला. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या आणि ‘केसरी’ने सदनावर टीकेचे सत्र चालविले. या वादाचा निवाडा एका वाक्यात होण्यासारखा नाही. तटस्थतेच्या आश्वासनावर विसंबून मुली पाठविणाऱ्यांना आपली फसगत झाली असे वाटणे अस्वाभाविक नव्हते. उलट, स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाचे नाव घेण्यास बंदी असावी ही अट रमाबाईंना अमान्य होती. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट निर्विवाद आहे. या वेळी स्तुतीने त्यांना काही मिळवून दिले नाही, उलट पुण्यातील सहानुभूती गमावावी लागली. बालपणी पठणामुळे घर चालत होते. आता प्रार्थनेमुळे चालते घर मोडू पाहत होते, आणि तरीही दार उघडेच राहिले.

४. केडगाव : दुसरा दुष्काळ

१८९५ च्या सुमारास केडगाव येथे जमीन घेण्यात आली. फळबागेच्या उत्पन्नावर सदन स्वावलंबी व्हावे असा त्यामागे विचार होता. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि ती वार्ता कानी येताच रमाबाई तिकडे गेल्या. आपल्या कुटुंबाची उपासमार त्यांना आठवत होती आणि त्या आठवणीनेच आपल्याला घरी बसू दिले नाही, असा आशय त्यांच्या लेखनात आहे. काही महिन्यांत सुमारे तीनशे स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाल्याने शहरात त्यांना ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि गवती छपरे यांच्या आश्रयाने मुक्ती सदन वसले. प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयी रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून सरकारवर जाहीर टीका केली. ईश्वराच्या स्तुतीने त्यांना राज्यकर्त्यांचे स्तुतिपाठक बनविले नव्हते, हे यावरून लक्षात येते.

सदनाच्या प्रार्थनामंदिराच्या कोनशिलेवर २० सप्टेंबर १८९९ हा दिनांक आहे आणि तिच्या लेखाचा आरंभच प्रभूच्या स्तुतीने होतो. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. पाठोपाठ आलेला दुष्काळ छप्पन्नचा दुष्काळ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला. गुजरातेतून शेकडो मुली केडगावी आल्या आणि सदनातील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. विहिरी, दळण, स्वयंपाक, विणकाम, शिलाई, तेलघाणा, छापखाना यांची व्यवस्था लावणे हेच त्या काळातील रमाबाईंचे मुख्य कर्म होते. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन असे विभाग निघाले. मुक्ती म्हणजे तारण. यशयाच्या साठाव्या अध्यायात पुनर्वसित नगरीच्या भिंतींना तारणाचे आणि वेशींना स्तुतीचे नाव दिलेले आहे. केडगावच्या वसाहतीत ही जोडी प्रत्यक्षात आलेली दिसते. बालपणी घरातील पठण धान्यासाठी होते. येथे आधी ताटात अन्न पडे, मग स्तोत्र म्हटले जाई.

याच ठिकाणी एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. उपाशी मुलीला अन्न देणारी संस्था जेव्हा तिला उपासनाही शिकविते, तेव्हा फलश्रुती मागील दाराने परत येत नाही काय? त्या मुलींना निवडीचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न समकालीनांनी विचारला आणि आजच्या अभ्यासकालाही तो टाळता येत नाही. रमाबाईंच्या आत्मनिवेदनात प्रार्थनेनंतर वेळेवर आलेल्या देणग्यांचे उल्लेख आहेत आणि तेथे स्तुती व लाभ यांची जोडणी पुन्हा झालेली दिसते. मात्र त्याच लेखनात, उद्या काही न आल्यासही देव तोच राहील, अशी धारणाही आहे. या दोन धारणांतील ताण त्यांच्या धर्मजीवनातून कधी पूर्णपणे नाहीसा झाला नाही. तो लपविल्यास त्यांचे चरित्र केवळ संतचरित्र होईल.

५. स्तुतीची भाषा

जून १९०५ मध्ये मुक्ती सदनात धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, पापकबुली, गायन, टाळ्या यांनी प्रार्थनामंदिर भरून गेले. काही पाश्चात्त्य धर्मोपदेशकांना हा प्रकार शिस्तीला सोडून वाटला. रमाबाईंनी त्याचे समर्थन केले. भारतीय ख्रिस्ती माणसाने आपल्या प्रकृतीला आणि भावनेला अनुसरून देवाला आळवावे, परक्यांच्या रीतीचा साचा त्याच्यावर लादू नये, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः रमाबाईंना ऐकू कमी येत असे. ज्या गजराची त्यांनी पाठराखण केली तो त्यांच्या कानांपर्यंत पुरतेपणी पोहोचतही नसावा.

याच भूमिकेचा वाङ्मयीन परिपाक म्हणजे त्यांचे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर असून खेड्यातील, अल्पशिक्षित स्त्रियांना ती कळत नाही, असे त्यांना वाटत होते. त्यातील काही शब्दांसोबत येणारे हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थही त्यांना मूळ ग्रंथाशी विसंगत वाटत. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास आरंभिला आणि मूळावरून सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे सदनातील स्त्रियांनी केली.

या कामाचे महत्त्व केवळ धार्मिक नाही. ज्या पंडितेची कीर्ती संस्कृतवरील प्रभुत्वावर उभी होती, तिने आयुष्याचा उत्तरार्ध संस्कृत शब्द गाळण्यात घालविला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी याच काळात अभंग आणि भजन यांच्या द्वारा ख्रिस्ती स्तुतीला मराठी संतपरंपरेशी जोडले. रमाबाईंनी परंपरेपेक्षा बोलीचा मार्ग धरला. टिळकांच्या मार्गाने मराठी कवितेला चिरस्थायी धन मिळाले. रमाबाईंच्या भाषांतराला तशी मान्यता लाभली नाही आणि त्याचा प्रसारही मर्यादित राहिला. परंतु त्यांचा हेतू काव्यनिर्मितीचा नव्हता. बालपणी आपण जे न समजता म्हटले ते दुसऱ्या कोणा मुलीला तसे म्हणावे लागू नये, हा तो हेतू होता. बायबलमधील स्तोत्रांत विलाप आणि स्तवन ही शेजारी शेजारी नांदतात. तक्रार करणाऱ्याच्याच तोंडी स्तुती येते. दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हाती ही स्तोत्रे त्यांच्या बोलीत देणे म्हणजे त्यांच्या दुःखालाही उपासनेत जागा देणे होते.

६. अखेरची वर्षे

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. तोवर त्यांची प्रकृती खालावली होती आणि कार्याची धुरा मनोरमेकडे जाऊ लागली होती. आईच्या अनेक योजना तिच्यावर विसंबून होत्या. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमा मरण पावली. १८७४ मध्ये आरंभ झालेल्या मृत्युमालिकेतील हा शेवटचा आणि सर्वांत जवळचा मृत्यू होता. प्रार्थनेला उत्तर मिळते ही श्रद्धा ज्यांनी लेखनातून वारंवार मांडली होती, त्यांच्या बाबतीत ती श्रद्धा येथे कसोटीला लागली.

यानंतर रमाबाई सुमारे साडेआठ महिने जगल्या. या काळात त्यांनी भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेवले. शोकाचे मोठे निवेदन त्यांनी लिहिले नाही आणि आपल्या दुःखाचे ईश्वरी प्रयोजन सांगण्याचा प्रयत्नही केला नाही. स्तोत्रे आणि संदेष्ट्यांची वचने ओळीओळीने वाचावीत, चूक दिसेल तेथे खूण करावी, पान छापखान्याकडे पाठवावे, असा क्रम राहिला. काम पूर्ण होण्याइतके दिवस त्यांनी देवाकडे मागितले व तेवढेच त्यांना मिळाले, अशी आठवण त्यांच्या चरित्रकथनांत सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झाले.

रमाबाईंच्या जीवनाचा विचार करताना धर्मांतराच्या घटनेलाच केंद्र मानण्याची प्रथा आहे. परंतु एका धर्मातून दुसऱ्या धर्मात गेल्याने संकटातील स्तुतीचा प्रश्न आपोआप सुटला नाही. लोकप्रियता गेली, सहकारी गेले, अखेर मुलगी गेली. हे सारे बाप्तिस्म्यानंतरच घडले. पालटले ते इतकेच की स्तुती ही फळासाठी करावयाची कृती आहे ही समजूत हळूहळू, आणि काही वेळा मागे फिरत, त्यांनी सोडली. तिच्या जागी स्तुती ही एक नित्य करावयाची सेवा झाली : भुकेल्याला जेवू घालणे, त्याला कळेल असा शब्द शोधणे आणि दार उघडे ठेवणे. या सेवेचे वाङ्मयीन रूप म्हणजे त्यांचे भाषांतर होय. मराठी गद्याच्या इतिहासात त्याची नोंद बहुधा एका ओळीने होते. अर्थ कळल्यावाचून स्तवन करू नये, या आग्रहातून झालेला भाषेचा प्रयोग म्हणून त्याचा स्वतंत्र अभ्यास होणे आवश्यक आहे.